फोंड्याच्या अलीकडची दुपार

आषाढीला आमच्या पट्ट्यात लावणी असते. चिखलात पाय रोवलेला माणूस पंढरपूरला कसा निघणार? म्हणून आचऱ्याकडची आमची दिंडी कार्तिकीची. हळवं भात कापून झोडून झालं की निघायचं, दिवाळी वाटेतच करायची. आई या दिंडीत वर्षानुवर्षं चालली. बाबा एकदाही चालले नाहीत. तिची पिशवी खांद्याला लावून ते गावच्या सीमेपर्यंत यायचे, विणेकऱ्यांच्या पाया पडायचे आणि मागे फिरून थेट सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर जायचे. गोल्फ खेळायला.

मला याचा फार राग होता. आई गेली तरी तो पुरता गेला नव्हता. यंदा चैत्रात बाबाही गेले, एक्याऐंशीव्या वर्षी. कार्तिकीला मी तुळस डोक्यावर घेऊन आईच्या जागी उभी राहिले. कुणासाठी चालतेस असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं.

बाबा फौजेत, पहिल्या मराठात होते, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत. 1963 साली बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झाले आणि सुभेदार होऊन घरी आले. छावणीत साहेबांची बॅग उचलता उचलता त्यांना खेळाचं वेड लागलं. एका साहेबांनी जुनी सात नंबरची आयर्न, लोखंडी डोक्याची काठी, देऊन टाकली, पुढे बाकीच्या काठ्या एकेक करून जमल्या. पेन्शनीत आल्यावर गावात मैदान कुठलं? मग त्यांनी गावामागच्या सड्यावर पहार आणि टिकाव घेऊन जांभ्यात नऊ भोकं पाडली. गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं असतं. बाबांनी चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून बसवले. थोडं लहान चालेल, म्हणायचे, मोठं असता कामा नये. भोकाभोवती गवत कुठलं आणायचं! खळ्यासारखी गोल जागा साफ करून त्यावर चाळलेली वाळू पसरायची. कातळावर काठी आपटून तुटू नये म्हणून काथ्याच्या पायपुसण्याचा चौकोनी तुकडा कमरेला अडकवलेला असायचा. चेंडू जिथे थांबेल तिथे तो तुकडा ठेवायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचं. सुट्टीत चेंडू शोधायचं काम माझं. करवंदीच्या जाळ्यांत हात घालून माझी कोपरं कायम ओरबाडलेली असायची.

पहिल्याच सकाळी दिंडी सड्यावर चढली आणि बाबांच्या चार नंबरच्या भोकाच्या झेंड्याशेजारून गेली. बांबू वाकला होता, तांबडं फडकं पावसाने पांढरट पडलं होतं. पखवाज चालू होता. मी थांबले नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळले. पहाटे काकडा, मग आंघोळीला रांग, चाल, दुपारचा भात-आमटी, चाल, हरिपाठ. रामगड झालं, कलमठ झालं, कणकवलीत भालचंद्र महाराजांच्या मठात डोकं टेकलं. माणसं जीव लावणारी, पण माझी चिडचिड थांबेना. टेम्पोवरचा कर्णा माझ्याच कानाशी. शेजारी झोपणाऱ्या मावशी रात्री दोनदा मला उठवून विचारत, झोप लागली का. पाण्याचा टँकर नेहमी पुढच्या वळणावर. आणि पावली धरली, टाळ एका ठोक्यावर आले, की त्याच मावशींचा हात हातात घेऊन मी नाचत असे. डोळे वाहायचे, कळायचंही नाही.

कणकवली सोडली ती नरकचतुर्दशीला. पहाटे ज्यांच्या अंगणात थांबलो तिथे तुळशीपुढे सगळ्यांनी अंगठ्याने कारीट फोडलं, गोविंदा गोविंदा झालं. ऊन चढलं तसा डांबराचा चटका चपलेतून वर यायला लागला. उजव्या टाचेला फोड आला होता तो आदल्या दिवशीच. आता डाव्या चवड्यालाही आला, रुपयाएवढा, आणि दर पावलाला त्यातलं पाणी इकडून तिकडे हलतंय हे जाणवायला लागलं. मी मागे पडले. टाळांचा आवाज आधी वळणाआड गेला, मग अजिबात येईना.

आमच्या घरात पायांवर फार बोलणं व्हायचं. मोजे उलटे घाल, शिवण आत टोचते. टाचेला कोरडा साबण घास. फोडाची कातडी सोलू नकोस. लढाईबद्दल मात्र बाबा बोलत नसत. बांगलादेशच्या लढाईतलं जमालपूरचं सगळं मी मोठेपणी वाचून काढलं. ब्रह्मपुत्रा ओलांडून पहिली मराठा शहराच्या दक्षिणेला वाट अडवून बसली. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानच्या बलुच पलटणीच्या कर्नलाने उत्तर पाठवलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. 10 डिसेंबर 1971 च्या रात्री ते लोक वाट फोडून बाहेर पडायला आले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर. सकाळी जमालपूर पडलं. बाबांनी या सगळ्यातलं एकच सांगितलं, तेही आईला, मी शेजारच्या खोलीत जागी होते म्हणून कानावर आलं: उजाडल्यावर शेतात पडलेल्यांना पाणी पाजत फिरलो, त्यातला एक माझा हात सोडेना.

रस्त्याला लागून एक मातीचं घर होतं. पडवीत एक म्हातारी सुपात पोहे पाखडत बसली होती. तिने माझ्या चालीकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"बस गो बाय हयसर. चपला काढ. खयसून इलंस?"

"आचऱ्यासून."

"अगो बाय माजे. पाय बघू."

मी नको नको म्हणत होते. वारकऱ्याच्या पायांना हात लावायला लोक धावतात त्याचा मला आधीपासूनच संकोच. तिने ऐकलं नाही. माझी टाच मांडीवर घेतली, जुन्या सुईत दोरा ओवला, सुई चिमणीच्या ज्योतीवर धरली आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा आतच ठेवला. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब उतरलं, कातडी जागच्या जागी बसली. मग आतून मुठेलाचा गोळा आणला. कोकमाच्या बियांचं ते पिवळट घट्ट तूप, दाबलेल्या मुठीच्या पाचही बोटांचे ठसे त्यावर तसेच होते. सुरीचं पातं तापवून तिने ते गोळ्यावर टेकवलं आणि वितळलेलं तेल माझ्या भेगांत एकेक करून सोडलं. भाजलं. मग गार वाटलं. एवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही, आपलं पोर कडेवर असल्यासारखा माझा पाय धरून होती.

"कोणासाठी चलतस?"

"बापाशीसाठी," माझ्या तोंडून निघालं.

"काय करी बापूस?"

"मिलट्रीत होते. मगे चेंडू खेळत. काठयेन मारूचो आणि त्याच्या पाठसून चलत जावचा."

तिला हे फार आवडलं. किती लांब, म्हणाली. मी म्हटलं, सगळो सडो. तिने विचारलं, चेंडू हरवलो तर? सोदूचो, मी म्हटलं. पूर्वी पाच मिनिटं शोधायला मिळायची, 2019 पासून तीनच. बाबांनी नियम बदलल्याचं वाचलं त्या दिवसापासून घड्याळ लावून तीन मिनिटं धरली. तिथे विचारायला चिटपाखरू नव्हतं.

"आणि तीन मिन्टांत गावाक नाय तर?"

"दंड घेवचो. मागे जावन पुन्हा मारूचो."

"कोण बघता?"

"कोण नाय."

ती हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. आली ती वाडगा घेऊन, चावदिसाचे पोहे, नारळाच्या रसातले, गूळ घातलेले. मी खायला लागले आणि रडायला लागले, एकदमच. आईसाठी तर इतकी रडले होते, बाबांसाठी हे पहिल्यांदा. चैत्रात सगळं करायचं होतं, माणसं यायची होती, भावाला रजा नव्हती.

ती पाठीवर हात फिरवत म्हणाली, खा, गार होतहत.

तिथे बसल्या बसल्या बाबांची वही डोळ्यांपुढे आली. रोजचा स्कोअर, किती फटके लागले ते, बाबा वहीत लिहायचे. एकदा चेंडूजवळचं वाळकं गवत बाजूला करताना चेंडू अर्धा बोट हलला. मी दहा पावलांवर होते, मला दिसलासुद्धा नाही. त्यांनी थांबून मला सांगितलं, दंडाचा एक वाढव. मी म्हटलं, बाबा, आपण दोघंच आहोत. ते म्हणाले, म्हणूनच. तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला होता. आई पंधरा दिवस उन्हातून चालत असताना हा माणूस सड्यावर अर्ध्या बोटाचा हिशेब करतोय याचा संताप आला होता. आई परत आली की तिला पहिली ती वही दाखवायचे. ती चष्मा लावून सगळी पानं वाचायची, वाढवलेल्या प्रत्येक एकाखाली तिचं बोट थांबायचं. मग ती तिच्या वाटेचं सांगायची, ते ऐकायचे. त्या दोघांचं काय चालतं हे मला समजत नसे, आणि म्हणून मी रागावत राहिले. त्या म्हातारीच्या पडवीत तो राग माझ्यापाशी नव्हता. कुठे गेला ते शोधायलाही गेले नाही.

उठताना पाया पडले. पैसे द्यायचं मनात होतं, पण तिच्याकडे बघून हात पिशवीत गेला नाही. तिने उरलेलं मुठेल केळीच्या पानात बांधून दिलं. नाव विचारलं तर म्हणाली, नाव कित्याक होया, पुढच्या वर्साक ये.

फोंड्याला रात्री दिंडी गाठली. मावशी माझ्या वाटेवर बसून होत्या, जेवल्या नव्हत्या. झोप लागली का, या प्रश्नाला त्या रात्री मी सरळ उत्तर दिलं, आणि त्यांच्या टाचांना मुठेल लावून दिलं.

घाट चढलो. वर दाजीपूरच्या रानात थंडी होती, धुकं होतं. मग राधानगरी, कोल्हापूर, ऊसच ऊस, सांगोल्याकडची ती न संपणारी सरळ वाट. पाय पुन्हा दुखले, पुन्हा चिडले, टेम्पोवाल्याशी पाण्यावरून भांडलेसुद्धा. चंद्रभागेत उतरल्यावर त्याची माफी मागितली, त्याने माझीच मागितली.

पदस्पर्शाची रांग झेपणारी नव्हती, मुखदर्शन घेतलं. तिथे क्षणभरच मिळतो. बाकीचे काय मागतात ते मागायचं मला सुचलं नाही. बाबांच्या वहीचं शेवटचं पान पाठ होतं, तेच विठोबाला सांगितलं. नऊ भोकं, अठ्ठावन्न फटके, त्यात दंडाचे दोन धरलेत. मागून धक्का आला, चला माऊली, चला, आणि मी दाराबाहेर होते.