मटार सोलता सोलता दोन खून

आज दुपारी दोन किलो मटार घेऊन बसले आणि हेडफोनवर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ लावलं. रेकॉर्डिंग १९६९ चं, गाणं मात्र कित्येक पिढ्यांच्या तोंडून आलेलं. सरदाराची बायको चर्चमध्ये मॅटीला हेरते, घरी नेते, नोकर धावत जाऊन मालकाचे कान भरतो, मग व्हायचं ते होतं. सँडी डेनी हे इतक्या थंडपणे गाते, की शेजारीण जिन्यात उभी राहून सांगतेय असं वाटावं.

दोघांना मारून झाल्यावर हा गृहस्थ म्हणतो, एकाच खड्ड्यात पुरा, पण बाईसाहेबांना वर ठेवा, त्या उच्च कुळातल्या! शेंग हातातच राहिली माझ्या. मेल्यावरही वरचा मजला! गाणं संपलं म्हणावं, तर स्वारब्रिकचं फिडल आणि थॉम्प्सनची इलेक्ट्रिक गिटार कितीतरी वेळ एकमेकांमागे धावत सुटतात. माझ्या मते खड्डा खणायचं काम तेव्हाच उरकतं.

मग बेलोहेड, हाही इंग्लिश लोकसंगीताचा बँड. अकरा जण, पितळी वाद्यं. खलाशांची गाणी वरातीच्या बँडच्या तोऱ्यात. (कौतुकच आहे हे.) आणि ‘द इमॅजिन्ड व्हिलेज’ हा अल्बम, २००७: सतार, ढोल, आणि कवी बेंजामिन झेफानायाने ‘टॅम लिन’ची जुनी परीकथा थेट आजच्या इंग्लंडमधल्या निर्वासितावर आणून ठेवलेली.

आईला मॅटीची गोष्ट सांगितली. तिचा एकच प्रश्न, ‘‘त्या चहाडखोर नोकराचं काय झालं गं?’’

गाण्यात त्याचा पुढे पत्ताच नाही.