फेअरपोर्ट कन्व्हेन्शन क्रमाने: १९७१पर्यंतची मजल

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचे अल्बम क्रमाने ऐकतोय. १९६८च्या पहिल्या अल्बमपासून निघालो होतो, आता १९७१च्या ‘बाबाकोम्ब ली’पर्यंत आलोय. नियम एकच: एक अल्बम कानात मुरल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. ‘बेस्ट ऑफ’ छापाचे संग्रह वर्ज्य.

पहिला अल्बम भराभर उरकला. ज्यूडी डायबल गोड गाते, पण लंडनच्या या पोरांचं सगळं लक्ष तेव्हा अमेरिकेकडे होतं. १९६९ मात्र असं उरकता येत नाही. एका वर्षात तीन अल्बम आणि तिन्हींत नवी गायिका सँडी डेनी. त्यातला मधला, ‘अनहाफब्रिकिंग’, मी सर्वांत जास्त ऐकला. कव्हरवर बँडचं नाव नाही की अल्बमचं नाही. सँडीचे आईवडील विम्बल्डनच्या घरासमोर उभे आहेत आणि मागे कुंपणाच्या फटींतून बँडवाले दिसतात.

यात ‘अ सेलर्स लाइफ’ आहे. अकरा मिनिटांचं, एकाच टेकमध्ये रेकॉर्ड केलेलं. हेडफोन लावूनच ऐका. सुरुवातीला ठरीव ताल असा नाहीच. मार्टिन लँबल सिंबलवर नुसती लाट उठवत राहतो आणि रिचर्ड थॉम्प्सनची गिटार सँडीच्या आवाजामागून रेंगाळत येते. नावाड्याच्या शोधात निघालेल्या मुलीची ती जुनी गोष्ट. शब्द संपतात तेव्हा गाणं अजून अर्ध्यावरच असतं. मग पाहुणा म्हणून आलेल्या डेव्ह स्वारब्रिकचं व्हायोलिन आणि थॉम्प्सनची गिटार एकमेकांना डिवचायला लागतात, आणि खाली लँबल न सांगता लय धरतो. आलापातून जोडावर जाताना जो क्षण नेमका पकडता येत नाही, तसंच इथे होतं. कितीदा मागे नेऊन ऐकलं, तरी ‘इथे ताल सुरू झाला’ असं बोट ठेवता आलं नाही.

१२ मे १९६९च्या पहाटे बर्मिंगहॅमहून परतताना एम-वन हायवेवर बँडची व्हॅन उलटली. लँबल त्यात गेला, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. अल्बम बाजारात आला तो त्यानंतर, जुलैमध्ये.

त्याच उन्हाळ्यात उरलेले लोक हॅम्पशायरमधल्या फार्ली चेंबरलेनच्या घरात राहिले. बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज सेसिल शार्प हाउसमध्ये, म्हणजे लंडनमधल्या लोकसंगीताच्या केंद्रात, जाऊन जुनी गाणी धुंडाळत होता, स्वारब्रिक आता कायमचा आला होता आणि ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स. त्यातून ‘लीज अँड लीफ’ झाला. सगळे त्याला शिखर मानतात. त्यातलं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ मलाही सोडवत नाही. तरी माझं मत असं की खरी उडी आधीच, ‘अ सेलर्स लाइफ’मध्ये मारून झाली होती, इथे ते सुटलेलं टोक नीट बांधलंय, थोडं जास्तच नीट. (आता शिव्या घाला.)

म्हणूनच १९७०चा ‘फुल हाउस’ मला जास्त भावला. सँडी नाही, हचिंग्ज नाही, बासवर डेव्ह पेग. मुख्य गायकच नाही म्हटल्यावर थॉम्प्सन आणि स्वारब्रिकनेच गळा मोकळा केला. ‘स्लॉथ’मध्ये गाणं थोडं, वाजवणं भरपूर, आणि इतकं संथ की अंगावर येतं. ‘पुअर विल अँड द जॉली हँगमन’ हे गाणं ऐन वेळी थॉम्प्सनच्या हट्टापायी काढून टाकलं होतं. नंतरच्या सीडीवर ते आलंय; मी मात्र आधी मूळ क्रमच ऐकला, हे शेवटी वेगळं.

थॉम्प्सन बँड सोडून गेल्यावरचा ‘एंजल डिलाइट’ मजेशीर, पण पुन्हा लावावासा वाटला नाही. ‘बाबाकोम्ब ली’चं तसं नाही. १८८५मध्ये एक्सटरच्या तुरुंगात जॉन लीला फाशी द्यायला उभं केलं, आणि पायाखालची फळी तीन वेळा उघडलीच नाही. शिक्षा बदलून जन्मठेप झाली. या एका माणसावर अख्खा अल्बम! पहिली बाजू सावकाश सरकते, कोर्टापासून पुढे पकड बसते. अजून मुरतोय.

पुढे १९७३चे ‘रोझी’ आणि ‘नाइन’, मग सँडी परत येते तो ‘रायझिंग फॉर द मून’. मध्येच ‘हेडे’, म्हणजे ६८-६९ची बीबीसीवरची रेकॉर्डिंग्ज, घुसवावीत की क्रम पाळावा? ज्यांनी ऐकलंय त्यांनी सांगा.