मागचं दार अडकलेल्या गाडीतून पुणे–नाशिक–त्र्यंबक: वाटेतली दुरुस्ती आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

मार्ग पुणे, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक असा. अंतर साधारण २१० किलोमीटर, चाकणची गर्दी धरून पाच तास हाताशी ठेवावेत. गाडी पाच सीटची हॅचबॅक. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या मागच्या डाव्या दारातलं काचेचं मशीन गॅरेजमध्ये बदललेलं. काच झकास वर-खाली होत होती, पण आळेफाट्याला चहाला थांबल्यावर दार उघडेना. आतून नाही, बाहेरूनही नाही. काचेच्या कामानंतर लगेच दार अडकलं तर त्याचा संबंध बहुतेक वेळा त्या कामाशीच असतो. मशीन बाहेर काढताना लॅचचे (दार पकडून ठेवणाऱ्या कुलपाचे) रॉड आणि केबल आड येतात, कधी लॅचच सैल करावं लागतं, आणि परत लावताना एखादी जोडणी राहून जाते.

अशा गाडीने पुढे जायचं असेल तर आधी बसण्याची व्यवस्था बदला. डावीकडचं दार बंद म्हणजे मागच्या सगळ्यांना उजवीकडून, म्हणजे धावत्या वाहनांच्या बाजूने उतरावं लागतं. हायवेच्या कडेला हे अजिबात करू नये. पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात गाडी पूर्ण आत घेऊनच थांबा. अडकलेल्या दाराशी लहान मूल किंवा वयस्क माणूस नको. अपघातात ते दार कामाचं नाही, हे धरूनच चाला. मागे कुणालाच न बसवता जाता येत असेल तर सगळ्यात बरं.

आता निदान. इथे घाई करू नका, कारण हँडल हाताला कसं लागतं यावरच निम्मं कळतं. हँडल लुळं पडलं असेल, ओढल्यावर काहीच ताण लागत नसेल, तर रॉड किंवा केबल सुटली आहे. नेहमीसारखा स्प्रिंगचा ताण लागतो पण दार सुटत नाही, तर लॅच लॉक अवस्थेत आहे किंवा चाइल्ड लॉक लागलं आहे. हँडल घट्ट, अर्ध्यात अडतंय, तर लॅच स्ट्रायकरवर (चौकटीवरच्या, लॅच ज्याला पकडतं त्या कडीवर) दाबून बसलं आहे. हा तिसरा प्रकार डेंटिंगनंतर किंवा नवं बीडिंग (दाराच्या कडेचं रबर) बसवल्यावर जास्त दिसतो. त्यावरचा उपाय सोपा आहे: एकाने लॅचच्या उंचीवर दार तळहाताने आत रेटायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने हँडल ओढायचं. दार उघडलं की स्ट्रायकरचे स्क्रू सैल करून तो मिलिमीटरभर सरकवायचा. सैल करण्याआधी त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून घ्या, नाहीतर मूळ जागा सापडत नाही.

सेंट्रल लॉकचं बटण दाबल्यावर बाकीच्या तीन दारांतून खट् असा आवाज येतो आणि या दारातून येत नाही, तर लॅचच्या मोटरचं कनेक्टर लावायचं राहिलं आहे किंवा वायर काचेच्या वाटेत चिमटली आहे. अशा वेळी आतली लॉकची खुंटी हाताने अनलॉककडे करून पाहा. खुंटी सैल, निरर्थक हलत असेल तर तिचाही दुवा सुटलेला समजा.

या गाडीत बाहेरचं हँडल लुळं होतं आणि आतल्याला ताण होता. म्हणजे दोष एक नव्हे, दोन. बाहेरच्या हँडलचा रॉड त्याच्या प्लास्टिक क्लिपमधून निसटलेला, आणि लॅच बाहेर काढताना चाइल्ड लॉकची खिट्टी खाली सरकलेली. दोन्ही क्षुल्लक, पण एकत्र आले की दार कुलूपबंद. चाइल्ड लॉकची खिट्टी दाराच्या कडेला असते, म्हणजे दार उघडल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. सुटकेची गोष्ट एवढीच की चाइल्ड लॉक फक्त आतल्या हँडलला तोडतं, बाहेरच्या हँडलचा लिव्हर चालूच राहतो. तो लिव्हर आतून पकडता आला की झालं.

काम सिन्नरच्या पुढे रस्त्याकडेला न करता नाशिकमध्ये करावं. नाशिक रोडवरून द्वारका चौकात आलात की तिथल्या कोंडीत वेळ जातो, तो धरा. त्र्यंबकला जायचंच असेल तर सातपूर वाटेतच पडतं. एमआयडीसीचा भाग असल्यामुळे तिथे गॅरेज शोधत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात शेड असलेलीच जागा घ्या, दाराचं पॅड (आतलं आवरण) उघडं असताना पाऊस आत आला की सीट भिजते.

सामान: १० ची गोटी (सॉकेट), मोठा फुली पेचकस, टी-२० आणि टी-३० टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचे पेचकस), पॅड उचकटायची प्लास्टिकची पट्टी, टॉर्च, मजबूत तारेचा एक फूटभर आकडा, मास्किंग टेप, पांढरं लिथियम ग्रीस, आणि त्या मॉडेलच्या पाच-सहा पॅड क्लिप व दोन रॉड क्लिप. क्लिप आधीच विकत घ्या, बंद दारावर काम करताना एखादी तुटतेच.

काच पूर्ण वर करा. खाली असली तर ती दाराच्या पोकळीत आडवी येते आणि लॅचपर्यंत हात जात नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पुढची सीट पूर्ण पुढे घ्या, मागच्या सीटची गादी उचला (बऱ्याच हॅचबॅकमध्ये ती पुढून वर ओढली की हुकातून सुटते, काहींत बोल्ट असतात) आणि पायरीवरची प्लास्टिक पट्टी काढा. या तीन गोष्टी केल्या नाहीत तर पॅडची खालची कड मोकळी होत नाही आणि माणसं जोर लावून पॅड फोडतात. पॅडचे स्क्रू साधारणपणे आतल्या हँडलच्या कपात आणि दार ओढायच्या खाचेत, झाकणाखाली लपलेले असतात. ते निघाले की खालच्या कोपऱ्यापासून पट्टी घालून एकेक क्लिप सोडवायची आणि शेवटी पॅड सरळ वर उचलायचं. हिसका देऊ नका, मागे केबल आणि काचेच्या बटणाची वायर अजून जोडलेली असते. पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगच्या यंत्रणेचं, त्याला हात लावायचा नाही.

आत काळ्या चिकट टेपवर बसवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो कापू नका. लॅचच्या बाजूचा कोपराच हळूहळू सोलून बाजूला करा, टेपला माती लागू देऊ नका. पत्र्याच्या भोकाच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून मास्किंग टेप लावून मगच हात घाला. टॉर्चच्या उजेडात लॅचच्या वरच्या अंगाला मोकळा लोंबणारा रॉड दिसतो. लॅच अनलॉक आहे याची खात्री करा, आकडा त्या रॉडच्या लिव्हरमध्ये अडकवा आणि रॉड ज्या दिशेने काम करतो त्याच दिशेने ओढा. उलट जोर दिला तर लिव्हर वाकतो आणि अख्खं लॅच बदलावं लागतं. लॅच सुटल्याचा आवाज आला की आतून दार ढकला.

दार उघडल्यावर खिट्टी वर करा, रॉड क्लिपमध्ये बसवून क्लिपची मान फिरवून टक् होईपर्यंत दाबा. क्लिप पांढरट पडली असेल किंवा तिला चीर असेल तर जुनी वापरू नका, तारेने बांधणं तर नकोच. आतल्या केबलचं नुसतं टोक अडकवून भागत नाही, बाहेरची नळीही तिच्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर हँडल ओढलं की नळीच सरकते आणि लॅच जागचं हलत नाही. लॅचचे तीनही स्क्रू मूळचेच लावा, लांब स्क्रू आतल्या हलत्या भागाला टेकू शकतो.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी, दार उघडं ठेवूनच. बॅटरी जोडा. पेचकसाने लॅचचा पंजा (स्ट्रायकरला धरणारा फिरता भाग) बंद दिशेने दाबा, दोन टप्प्यांत टक्-टक् वाजतो. आता बाहेरचं हँडल ओढा, पंजा सुटला पाहिजे. पुन्हा बंद करा, आतलं ओढा. पुन्हा बंद करून सेंट्रल लॉकने लॉक-अनलॉक करा आणि पुन्हा ओढा. चाइल्ड लॉक लावून आणि काढूनही पाहा; ते लावलेलं असताना आतल्या हँडलने पंजा सुटता कामा नये, बाहेरच्याने सुटला पाहिजे. बाकी एकदाही पंजा अडला तर दार लावायचं नाही. पंजा बंद असताना दार आपटू नका, तो स्ट्रायकरवर आदळतो. गॅरेजमधून काचेचं किंवा लॉकचं काम करून गाडी घेताना हीच चाचणी समोर करून मागा. दोन मिनिटं लागतात, कुणी कुरकुर केली तरी करूनच घ्या.

ग्रीस पंज्यावर आणि तो ज्यावर फिरतो त्या खुंटीवर थोडंसंच. पातळ स्प्रेने जुनं ग्रीस धुऊन जातं आणि काही काळाने लॅच पुन्हा कोरडं पडतं.

प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवणं ही नाशिकच्या पावसाळ्यातली खरी कसोटी. काचेच्या कडेने पाणी दारात उतरतंच, ते या कागदामुळे दारातच राहून खालच्या भोकांतून बाहेर पडतं. कागद सुटा राहिला तर पाणी गालिच्यावर. ती भोकंही पॅड लावण्याआधी तारेने मोकळी करा. सातपूरहून त्र्यंबकेश्वर पाऊण तासावर, पुढे पहिने मार्गे घोटीपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये धो-धो पाऊस असतो. पहिन्याला थांबाल तेव्हा दाराखालचा गालिचा हाताने दाबून पाहा. ओला लागला तर कागदाचा खालचा कोपरा सुटलाय, घोटीत पॅड पुन्हा उघडा.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरी फेरीमुळे खाजगी गाड्या त्र्यंबकच्या बऱ्याच अलीकडे अडवतात, तो दिवस टाळा. परतीला नाशिक शहरात न शिरता घोटीहून सरळ सिन्नरचा रस्ता धरता येतो आणि द्वारकेची कोंडी चुकते.