पियानोलावर पाय कशाला मारायचे?

‘पियानोला म्हणजे कागदी रोलवर आपोआप वाजणारा पियानो, मग माणूस समोर बसून पाय कशाला मारतो?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : हवा खेचायला.

बाजाच्या पेटीचा भाता हवा आत ढकलतो. पियानोलाचे पायाने चालणारे भाते, संगीत नाटकांतल्या ऑर्गनसारखे, हवा बाहेर खेचतात. कागदी रोल पितळी पट्टीवरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की बाहेरची हवा नळीत शिरते, कातड्याचा छोटा पडदा फुगून झडप उचलतो आणि त्या सुराचा चिमुकला भाता झटकन मिटतो. तो मिटला की हातोडा तारेवर. भोक पुढे सरकलं की पडद्याखालची हवा सुईएवढ्या छिद्रातून निघून जाते, झडप खाली बसते. असं ८८ सुरांसाठी ८८ वेळा. (इंचाला ९ भोकं हे माप १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलोला ठरलं. त्याआधीचे ६५ सुरांचे रोल इंचाला ६ भोकांचे. जुना रोल घेताना आधी मोजा.)

कोणता सूर आणि कधी, एवढं रोलला कळतं. किती जोरात, ते तुमच्या पायाला. आत खेच जास्त तर भाता जोरात मिटतो. म्हणून ठोस सूर येण्याच्या किंचित आधी टाच दाबायची, हळुवार जागी पाय नुसता तरंगता ठेवायचा. लय वेगळ्या दांडीवर : काटा ७० वर असेल तर मिनिटाला ७ फूट कागद. पाय जोरात मारल्यावर लयही पळत असेल, तर दोष तुमचा नाही, रोल फिरवणाऱ्या हवेच्या मोटरचा नियामक (वेग स्थिर ठेवणारा भाग) बिघडलाय.

१९०४ च्या वेल्टे-मिन्यों या स्वयंचलित पियानोने वादकाचा जोरही रोलमध्ये टिपला, विजेचा पंप लावला आणि पाय सुटले. संगीतकार कॉनलन नँकॅरोने तर मेक्सिको सिटीत रोलवर हाताने भोकं पाडून माणसाच्या बोटांना न झेपणाऱ्या लयी रचल्या. त्याच्या २१व्या ‘स्टडी’त (या रचनांना त्याने दिलेलं नाव) एक आवाज वेग घेत जातो, दुसरा मंदावत जातो. यंत्राची खरी कमाई मला इथे दिसते.

पाय दोन मिनिटांत भरून येत असतील तर गळती शोधा. रोल काढा, पट्टीवर कागदी टेप चिकटवा (नाहीतर सगळे सूर एकदम कोसळतील) आणि पाय मारा. तरीही एखादा सूर वाजला तर त्याची नळी फुटली आहे. वाजल्यावर सुटतच नसेल तर ते बारीक छिद्र धुळीने बुजलंय. मुकाच असेल तर पट्टीचं भोक तुंबलंय किंवा भात्याचं रबरी कापड तडकलंय. धूळ पंपाने बाहेर खेचा, फुंकू नका. फुंकलेली धूळ नेमकी त्या छिद्रांत जाऊन बसते. कापड बदलायचं तर सगळ्या भात्यांचं एकदम. एकाचं तडकलं म्हणजे बाकीचीही तेवढीच जुनी आहेत. आणि चिकटवायला फेविकॉल नको, गरम सरसच वापरा : पुढच्या दुरुस्तीला तो वाफेने सुटतो, लाकडाची ढलपी निघत नाही.