औंधच्या डोंगरावरची दगडाची माय

"यमाईची ओटी भरायची राहिलीय गं, दोन वर्षं झाली," आई म्हणाली, आणि मला औंधला जायचं निमित्त मिळालं. औंधची यमाई आमची कुलदेवता. आईचं सगळं लक्ष देवीकडे, माझं डोंगराच्या वाटेवरच्या संग्रहालयाकडे. दोघींची सोय एका फेरीत होणार होती.

सातारा स्टँडवरून सकाळची एसटी धरली. दोघींचं अर्धं तिकीट. आईनं मांडीवर पिशवी घेतली, तीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची डबी. रहिमतपूर मागं पडलं तशी ऊसपट्ट्याची हिरवळ विरळ होत गेली आणि दोन्ही अंगांना हुरड्यावर आलेला शाळू लागला. हा खटाव तालुका, कायमचा दुष्काळी. आई खिडकीतून बघत म्हणाली, "सातवीत असताना आमची सहल आली होती हितं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. तेवढीच एक सहल माझ्या वाट्याला आली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या म्युझियममध्ये एक दगडाची माय होती. माणसाएवढी. अजून डोळ्यापुढं आहे."

मी शाळेत चित्रकला शिकवते. गेली काही वर्षं एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे: आजचे चित्रकार भूतकाळाकडे इतके का वळतात? मुंबईला एखादं प्रदर्शन बघायला जावं तर कुणी आजोबांच्या पेट्या मांडलेल्या असतात, कुणी पाडलेल्या घराच्या चौकटी, कुणी जुने फोटो. काही प्रदर्शनांत नुसता जुन्याचा वास असतो. पितळी दिवा ठेवला, पिवळा उजेड सोडला की लोक हळवे होतात, आणि चित्रकारानं स्वतः काय केलं हे शोधावं लागतं. ते मला आवडत नाही. पण काही कामं मात्र आत जाऊन बसतात.

झरीना हाशमींचं 'होम इज अ फॉरेन प्लेस' हे त्यातलं एक. १९९९ सालचं. छत्तीस काष्ठठसे, म्हणजे लाकडावर कोरून कागदावर उमटवलेले ठसे, काळ्या शाईतले, अगदी थोड्या रेषांचे. प्रत्येक ठशाला एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, दार, अंगण. झरीना अलिगढला जन्मल्या, फाळणीनंतर घरचे पाकिस्तानात गेले, त्यांचं स्वतःचं आयुष्य देशोदेशी फिरण्यात आणि पुष्कळसं न्यूयॉर्कमध्ये गेलं. घर उरलं ते शब्दांत. तो संच बघितला तेव्हा मला आईच्या माहेरच्या वाड्यातले शब्द आठवले: सोपा, माजघर, देवळी, परसू. वाडा पडून पंधरा वर्षं झाली. आईच्या तोंडी हे शब्द अजून आहेत. माझ्या मुलीच्या तोंडी एकही नाही.

दुसरं काम विवान सुंदरम यांचं, 'री-टेक ऑफ अमृता'. चित्रकार अमृता शेरगिल त्यांची मावशी. ती गेली १९४१ साली, विवान जन्मले १९४३ साली. म्हणजे मावशीला त्यांनी कधी पाहिलंच नाही. पाहिले ते आजोबांनी, उमरावसिंगांनी, काढलेले घरातले फोटो. ते फोटो संगणकावर एकात एक मिसळून त्यांनी नवेच प्रसंग उभे केले. वेगवेगळ्या वेळची, वेगवेगळ्या वयाची माणसं एका खोलीत आणून बसवली. हे खोटं म्हणावं तर आपलं मनही हेच करत असतं की! लग्नाच्या आठवणीत आपण कुणाला तरी बसवतो आणि मग कळतं की ते तर आधीच्याच वर्षी वारले होते.

आणि तिसरं, अतुल दोडिया यांचं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१४-१५ च्या सुमारास त्यांचं प्रदर्शन झालं. नाव होतं '७००० म्युझियम्स: अ प्रोजेक्ट फॉर द रिपब्लिक ऑफ इंडिया'. हे संग्रहालय मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ साली लोकांना खुलं झालेलं. तिथं जुन्या कपाटांच्या, मातीच्या बाहुल्यांच्या सोबतीला आजच्या चित्रकारांना काम मांडायला बोलावतात. जुनी वस्तू आणि नवं काम एकमेकांशी बोलू लागतं, आणि दोन्ही नव्यानं दिसतात. सात हजार संग्रहालयं! देशात गावोगाव संग्रहालय असावं हे एका चित्रकाराचं स्वप्न. ते शीर्षक वाचलं त्या क्षणी मला औंध आठवलं होतं. तेव्हापासून परत यायचं मनात होतं.

औंधला उतरलो. खाली गावातही यमाईचं देऊळ आहे, तिथली दगडी दीपमाळ मान वर करून बघावी लागते. पौषात यात्रा भरते तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. डोंगरावरच्या मूळपीठाकडे जाताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय लागतं. आईचा आग्रह आधी देवीचा होता, पण तिच्या गुडघ्यांनी माझी बाजू घेतली.

दारातल्या मामांनी सांगितलं, "ताई, मोबाईल पिशवीत ठेवा, फोटो नाही काढायचा." बरंच झालं. चित्रापुढं उभं राहून चित्रच बघितलं.

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांना सगळे बाळासाहेब म्हणत, त्यांचा जन्म १८६८ चा. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी असा केला की संस्थानातल्या शाळांत पोरांना तो चुकवायची सोय नव्हती. १९१६ साली त्यांनी स्वतःच्या चित्रांचं रामायण छापलं. १९३८ साली हे संग्रहालय उभं केलं. आणि पुढच्याच वर्षी, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली घटना मान्य करून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. हे दोन्ही निर्णय एकाच माणसाचे, एका वर्षाच्या अंतरानं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याजवळचं चांगलं ते गावाच्या हवाली करायचं, मग ती सत्ता असो की चित्रं.

आत शिरलं की राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला आहेत, हस्तिदंत आणि चंदनाचं बारीक कोरीवकाम आहे. हे सगळं मी इथं सांगत बसत नाही, जाऊन बघा. मला जाणवलं ते वेगळंच. आपण याला जुन्या वस्तूंचं संग्रहालय म्हणतो, शाळेची सहल 'इतिहास' बघायला म्हणून नेतो. पण यातलं कितीतरी काम राजानं मिळवलं तेव्हा ताजं होतं! रविवर्मा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, धुरंधर तर त्यांच्याच पिढीचे. आणि हेन्री मूर! हा इंग्रज शिल्पकार जन्मला १८९८ साली, म्हणजे राजेसाहेबांपेक्षा तीस वर्षांनी लहान. ज्या काळात त्याचं नाव इंग्लंडमध्येही सगळ्यांना पचलं नव्हतं, त्या काळातलं त्याचं 'माता आणि मूल' हे शिल्प या दुष्काळी मुलखातल्या एका छोट्या संस्थानाच्या राजाच्या संग्रहात आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा समकालीन कलेचा संग्राहक होता, आणि त्यानं तो संग्रह ठेवला कुठं, तर मुंबईत नाही, पुण्यात नाही, यमाईच्या डोंगरावर.

आई माझ्या पुढं होती. एकदम थांबली.

"ही एवढीशीच होती व्हय?"

तिच्या आठवणीतली दगडाची माय ती हीच. एकाच दगडातून निघालेली आई आणि तिचं लेकरू. नाकीडोळी रेखीव करण्याच्या नादाला शिल्पकार लागलेलाच नाही. गोलाव्यातून गोलावा निघालेला, मूल आईपासून वेगळं कुठं होतं ते शोधावं लागतं. नदीतला गोटा पाण्यानं झिजून व्हावा तसा पृष्ठभाग. रविवर्म्याच्या साडीच्या जरीकडून डोळे इथं आले की क्षणभर काही कळतच नाही, आणि मग हळूहळू वजन जाणवायला लागतं. लेकरू कडेवर घेतल्यावर आपला खांदा जसा उतरतो, ते वजन.

आई बराच वेळ गप्प होती. मग बोलू लागली. सहलीला आल्या तेव्हा सगळ्या मुली रविवर्म्याच्या बायका बघायला धावल्या होत्या. ही मागं राहिली. तिला वाटलं, ही यमाईचीच मूर्ती आहे, घडवता घडवता राहून गेलेली, म्हणून वर देवळात न नेता इथं ठेवली असावी. तिनं हात जोडले. मग कुणी बघत नाही असं पाहून हात लावला. "गार होती. एवढं ऊन होतं बाहेर, आणि ही गार. मी बाईंना सांगितलंच नाही कुणाला."

"पण तू तर माणसाएवढी म्हणाली होतीस."

"मीच लहान होते की तेव्हा."

मी हेन्री मूरवर वाचलं आहे, मुलांना शिकवलं आहे. फळ्यावर त्याच्या आकृत्या काढून दाखवल्या आहेत. पण पन्नासहून जास्त वर्षं हे शिल्प एका बाईच्या मनात, शिल्पकाराचं नाव माहीत नसताना, हळूहळू मोठं होत राहिलं होतं, आणि ती बाई माझ्याच घरात राहत होती. झरीनांच्या ठशांपुढं, विवान यांच्या फोटोंपुढं मला जे वाटलं होतं ते सगळं इथं माझ्या शेजारी, खणाची पिशवी धरून उभं होतं. मला रडू आलं. मामांनी बघितलं असेल तर असो.

तिथल्याच एका कोपऱ्यात उभं राहून मी मनातल्या मनात एक प्रदर्शन मांडलं. मुंबईच्या त्या संग्रहालयात होतं तसं इथं का होऊ नये? वर्षातून एकदा, एक आजचा चित्रकार इथं बोलवावा. साताऱ्याचा, सांगलीचा, कुठलाही. त्यानं महिनाभर गावात राहावं, आणि या संग्रहाशी बोलणारं एक काम इथंच मांडावं. औंध संस्थानातून कुटुंबं कुठं कुठं गेली त्यावर कुणी करावं, १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर इथली माणसं पोटापाण्याला मुंबईला गेली त्यावर करावं. सहलीला येऊन गेलेल्या बायकांना काय काय आठवतं, तेवढं नुसतं गोळा केलं तरी एक दालन भरेल. आम्हाला आजची चित्रं बघायची तर पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागते, आणि इथं ज्या माणसानं आपल्या काळातलं काम डोंगरावर आणून ठेवलं त्याच्या घरात आज नवं काही येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाळासाहेबांनी भूतकाळ जपायला हे घर बांधलं असं मला वाटत नाही. त्यांना जे आवडलं ते त्यांनी लोकांना दाखवलं. त्यातल्या पुष्कळ गोष्टी पुढं जुन्या झाल्या, इतकंच.

मग वर गेलो. तटबंदीच्या आतलं देऊळ, काळ्या पाषाणातली देवी, वारा. रामानं "ये माई" अशी हाक मारली म्हणून यमाई, ही कथा आईनं मला शंभराव्यांदा सांगितली आणि मी ती पुन्हा ऐकली. ओटी भरून झाली. पुजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ परत दिला. वरून सगळा मुलूख दिसत होता, पिवळसर, मधूनच एखादा हिरवा तुकडा, जिथं विहिरीला पाणी आहे तिथं.

परतीच्या एसटीत आईनं पिशवी मांडीवर घेतली, मग जरा विचार करून डाव्या हाताच्या घडीत धरली.

"असं धरलं होतं ना तिनं?"

"थोडं वर."

तिनं पिशवी थोडी वर घेतली. रहिमतपूर येईपर्यंत तशीच धरून होती. मग म्हणाली, "तुझ्या शाळेची सहल कधी असते?"

"फेब्रुवारीत."

"पोरांना हितं आण. हात लावू दे म्हणावं त्या मायेला."

"नाही लावू देणार गं, आता नियम आहेत."

"मग निदान लांब तरी उभं करू नकोस त्यांना," आई म्हणाली, आणि डोळे मिटून मागं टेकली.