कंपनी घरी गेली ती कॅबमधून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आयटी सपोर्टला आहे. कोरोनात हजारो माणसं एका रात्रीत घरून कामाला लागली, हे जमलं कसं, असं नातेवाइकांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे मला विचारत आलेत.

एका रात्रीत नाही जमलं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले, दुबईहून परतलेले. २५ मार्चला, ऐन पाडव्याला, देश बंद होता. मधले दोन आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

आयटीतल्या प्रत्येकाकडे लॅपटॉप असतो असा समज आहे. तसं नव्हतं. बँकांची, विमा कंपन्यांची कामं ओडीसीत चालायची. ओडीसी म्हणजे एकाच क्लायंटसाठी राखलेला बंदिस्त हॉल. दाराला कार्ड, आत डेस्कटॉप, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. स्क्रीनवर परक्यांच्या खात्यांचे तपशील असतात, तेव्हा ही शिस्त हवीच. आता तोच डेस्कटॉप वाकडच्या टूबीएचकेत सासूबाईंच्या पलंगाशेजारी ठेवायचा होता. त्याला आधी क्लायंटची लेखी परवानगी लागायची, आणि क्लायंटचे वकील एकेक ओळ वाचल्याशिवाय हो म्हणत नव्हते. शिवाय सेझमधली, म्हणजे सवलती असलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रातली, मशीन शुल्क न भरता आणलेली, त्यामुळे ती गेटबाहेर काढायची म्हणजे वेगळी कागदपत्रं. कॉल सेंटरवाल्यांना तर घरून काम करायचं तर सरकारकडे अनामत ठेवावी लागे. ती अट दूरसंचार खात्याने १३ मार्चला तात्पुरती उठवली, तेव्हा कुठे त्यांची वाट मोकळी झाली.

मग गेटपास, बारकोड, सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड. एरवी माणसं ने-आण करणाऱ्या कॅबमध्ये आम्ही मशीन भरली. मॉनिटर चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचा आणि त्याला सीटबेल्ट लावायचा, ही युक्ती एका ड्रायव्हरदादांची. पोलिसांचा पास काचेला चिकटवून ते चिंचवडपासून हडपसरपर्यंत फिरले, जिना चढून मशीन वर नेऊन दिली. लोक दार किलकिलं करून लांबूनच सही करायचे.

मशीन पोहोचली तरी काम सुरू होईलच असं नव्हतं. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, थोड्या लोकांसाठी घेतलेला, आता सगळी कंपनी एकदम त्यावर. लायसन्स वाढवली, तेवढं निभावलं. खरा छळ पासवर्डने केला. पासवर्डची मुदत संपली की व्हीपीएन आत घेत नाही, आणि नवा पासवर्ड लावायला आधी व्हीपीएनवर असावं लागतं. ऑफिसात असताना हा पेच कधी जाणवलाच नव्हता. रात्री दोनला लातूरहून, नांदेडहून फोन यायचे. पीजी बंद झाल्यावर गावी गेलेली पोरं होती ती, हॉटस्पॉटवर टेकलेली. ओळख पटवायला आम्ही मॅनेजरला कॉलवर घ्यायचो आणि मग तात्पुरता पासवर्ड द्यायचो. सॉफ्टवेअर शिकलेली माणसं फोनवर रडलेली मी ऐकली आहेत. कारण नुसता पासवर्ड नसायचा. शेजारच्या खोलीत वडील तापाने फणफणलेले असायचे.

कंपन्यांनी पटकन जुळवून घेतलं असं कौतुकाने म्हणतात. आयटीवाल्यांचे पगार बहुतेक ठिकाणी चालू राहिले, हे खरं. पण मशीन घरोघर पोहोचली त्या दिवसापासून कॅबची गरजच उरली नाही. ड्रायव्हरांना भाडं फेऱ्यांवर मिळायचं. फेरी नाही तर पैसा नाही, आणि गाडीचे हप्ते तर डोक्यावर. मारुंजी-माणच्या मेसवाल्या ताई, कॅन्टीनची पोरं, हाऊसकीपिंगच्या मावशी, सगळ्यांची हीच गत. हे जुळवून घेणं अर्धं त्यांच्या खांद्यावर झालं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे ऑफिसं उघडली. जुलै २०२२ मध्ये सेझसाठी घरून कामाचा नियमच आला. आमच्या ट्रान्सपोर्ट डेस्कने जुन्या ड्रायव्हरांना फोन लावले, तर कितीकांनी गाड्या विकलेल्या. ऑफिस बंद असेल तेव्हाही कॅबला किमान भाडं मिळावं, असं कलम कंत्राटात घाला, अशी मागणी मी ॲडमिनकडे केली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. कंत्राट नव्याने होतं त्या प्रत्येक वेळी मी ती पुन्हा मांडते.