मामा तलावावर मरळीसाठी पाईकच्या फ्लाय: दोन दिवसांचा अनुभव

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे मेहुणे भंडाऱ्याहून साकोलीमार्गे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेलो आणि तिथल्या एका गावतलावावर दोन दिवस फ्लायने, म्हणजे गळावर तंतू बांधून केलेल्या नकली भक्ष्याने, मरळीची मासेमारी केली. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या कृत्रिम तंतूंनी बांधलेल्या, लहान माशासारख्या दिसणाऱ्या ज्या फ्लाय युरोप-अमेरिकेत पाईक नावाच्या शिकारी माशासाठी वापरतात, त्या आपल्या मरळीला कितपत चालतात हे पाहणे एवढाच आमचा हेतू होता. त्या चालतात, परंतु जशाच्या तशा नेल्या तर फार थोड्या चालतात. त्यांत काय बदल करावे लागले ते इथे तपशिलाने सांगतो, म्हणजे मागून जाणाऱ्यांचा पहिला दिवस आमच्यासारखा वाया जाणार नाही.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे स्वीडनमध्ये होतो आणि फ्लाय बांधायला तिथेच शिकलो. तिकडचा पाईक हा थंड पाण्यातला, बदकाच्या चोचीसारख्या चपट्या तोंडाचा शिकारी मासा आहे. तो गवताच्या कडेला निश्चल थांबतो, अंग वाकवून एका झेपेत भक्ष्य धरतो आणि त्याच्या तोंडात दातांची एवढी दाटी असते की फ्लायच्या पुढे तारेचा तुकडा लावल्याशिवाय दोरी टिकत नाही. तो हातभर लांबीचा मासासुद्धा गिळत असल्याने त्याच्यासाठी वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या फ्लाय बांधतात, आणि कृत्रिम तंतूंचे महत्त्व नेमके इथे कळते. पिसे आणि केस पाणी शोषून जड होतात, आणि तशी भिजलेली मोठी फ्लाय दिवसभर फेकली की खांदा भरून येतो. कृत्रिम तंतू पाणी धरत नाहीत. हवेत एक हेलकावा दिला की पाणी झडून जाते आणि फ्लाय पुन्हा हलकी होते, पाण्यात मात्र तीच फुगून भरीव माशाएवढी दिसते.

मरळही गवताच्या कडेला दबा धरणारी असली तरी तिची तऱ्हा वेगळी आहे. ती उथळ, कोमट पाण्यात राहते आणि कल्ल्यांच्या जोडीने हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे तिला काही मिनिटांनी वर यावेच लागते. तिचे तोंड हाडासारखे टणक असते. दात तीक्ष्ण असले तरी ते पाईकसारखी दोरी कापत नाहीत, त्यामुळे तारेची गरज आम्हाला एकदाही पडली नाही. तीस पौंडांचा ताण सहन करणारे जाड नायलॉन पुरले.

तलावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण परवानगीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या, काळातले हजारो तलाव आहेत, आणि त्यांतले कित्येक बांधण्यात कोहळी समाजाचे कसब आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. आज त्यांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था त्यासाठी पैसे भरते आणि मरळ हा तर बाजारात सर्वांत चांगला भाव मिळवणारा मासा; तेव्हा हौसेखातर आलेल्या माणसाने न विचारता पाण्यात दोरी टाकणे म्हणजे कोणाच्या तरी शेतात शिरून पीक तोडण्यासारखेच आहे. आम्ही आदल्या संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी गेलो, दोन्ही दिवसांचे ठरवून पैसे दिले आणि किलोच्या वरची मरळ मिळाल्यास ती संस्थेला द्यायची, बाकीच्या सोडायच्या, असे बोलून घेतले. नवेगावबांधचा मोठा जलाशय जवळच असला तरी तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. तिथे गळ घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

पहिल्या दिवशी मी स्वीडनमधल्या जुन्या डबीतून काढलेली, ४/० या मोठ्या मापाच्या गळावर बांधलेली वीस सेंटिमीटरची पांढरी-लाल फ्लाय वापरली. सकाळी साडेसहापासून दहापर्यंत मरळी तीन वेळा तिच्या मागे आल्या, तिन्ही वेळा पाणी उसळले आणि तिन्ही वेळा फ्लाय रिकामी परत आली. शेपटीचे तंतू चुरगळलेले, गळाला मात्र काही नाही. मासा शेपूट धरत होता आणि गळ त्याच्या तोंडाच्या चार बोटे पुढे होता, हे कळायला मला तीन संधी गमवाव्या लागल्या. शिवाय प्रत्येक दुसऱ्या फेकीला गळात कमळाचा देठ अडकत होता.

आमच्यासोबत डोंगा चालवायला संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद होते, त्यांना आम्ही मामा म्हणत होतो. त्यांनी फ्लाय हातात घेतली, ओल्या बोटांनी तिचे तंतू दाबून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, लई केस हायेत हिले. आमच्या तलावात असा मासा कोठी हाय? इतली मोठी मासोळी मरळ खात नाही, तिले हाकलते.” मग डोंग्याच्या तळातल्या पाण्यातून त्यांनी जाळ्यात आलेली एक बोटभर लांबीची मासोळी उचलून माझ्या तळव्यावर ठेवली. पाठ हिरवट करडी, पोट चांदीसारखे, आणि शेपटीच्या मुळाशी एक ठसठशीत काळा ठिपका. ती मासोळी आडवी धरली तर पसरट दिसत होती. वरून पाहिली तर जेमतेम बोरूएवढी जाड. माझी फ्लाय मात्र सगळीकडून सारखीच गोल होती.

त्या दुपारी, कडुनिंबाच्या सावलीत व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) लावून, मी सहा फ्लाय नव्याने बांधल्या. बांधणी अशी केली:

गळ २/० चा (४/० पेक्षा लहान), रुंद वळणाचा आणि टोकाला नखावर ओरखडा उठेल इतका धारदार घेतला आणि त्याचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून टाकला. दोरा वळणाच्या वर आणून तिथे आधी नायलॉनचा एक छोटा आडवा फास बांधला. शेपटीचे तंतू त्याच्यावर टेकतात आणि फेकताना गळाभोवती गुंडाळले जात नाहीत. शेपूट गळाच्या वळणापासून मागे सहा सेंटिमीटरच ठेवली आणि तिच्यासाठी तंतू घेतले ते काडेपेटीतल्या दोन काड्यांच्या जाडीएवढेच. एवढ्याने काय होणार असे वाटते, पण पाण्यात ते पुरतात. चमकीच्या चारच काड्या, त्याही कमी-जास्त लांबीच्या.

डोक्याकडचा भाग उलटा बांधावा, कारण खरी युक्ती त्यातच आहे. तंतूंचे टोक गळाच्या डोळ्याच्या (दोरी बांधायच्या भोकाच्या) पुढे, म्हणजे उलट दिशेला राहील असे धरून ते दांड्याभोवती सारखे पसरावेत, दोऱ्याने घट्ट बांधावेत आणि मग बॉलपेनची रिकामी नळी डोळ्याकडून सरकवत ते सगळे मागे लोटावेत. त्यांच्या पुढे दोऱ्याचा लहानसा बांध घातला की तंतू छत्रीसारखे उभे राहतात. आत पोकळी राहते, त्यामुळे मूठभर तंतूंचे काम चिमूटभरात होते. अमेरिकेत बॉब पोपोव्हिक्स यांनी ही उलटी, पोकळ बांधणी हरणाच्या शेपटीचे केस वापरून नावारूपाला आणली. कृत्रिम तंतूंनाही ती तितकीच मानवते.

कात्री आडवी कधीच चालवू नये. तंतू दंतफणीने विंचरून, कात्री त्यांच्या दिशेनेच धरून टोकाकडे थोडे थोडे कापत गेले की निमुळता आकार येतो. आडवी कापली की झाडूसारखे टोक होते आणि ते कितीही विंचरले तरी सुधारत नाही. मी दोन्ही बाजूंनी कापून फ्लाय पसरट केली, पाठीवर हिरवट मार्करचा हात फिरवला आणि शेपटीच्या मुळाशी मामांनी दाखवलेला काळा ठिपका दिला. डोळे चिकटवायला घरून नेलेले इपॉक्सी वापरले. मार्चच्या उन्हात ते फार लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी एकाच फ्लायपुरते कालवावे.

गवत अडू नये म्हणून गळापुढे नायलॉनचे दोन फास द्यावे लागतात. पहिल्या दोन फ्लायना मी जाड नायलॉन लावले आणि त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी भोगली. मरळीने फ्लाय तोंडात धरली तरी फास दबला नाही आणि गळ लागला नाही. फास करंगळीने सहज दबला पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आला पाहिजे, एवढी कसोटी पुरे.

परदेशी तंतू मागवणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी मऊ खेळण्यांसाठी वापरतात ते लांब केसांचे फरचे कापड घ्यावे. नागपूरला इतवारीसारख्या बाजारात शोधल्यास मिळते. त्याचे केस मुळाशी कापून, आतली लोकर विंचरून काढली की आमच्या मापाच्या फ्लायसाठी उत्तम तंतू होतात. चमकीसाठी दिवाळीच्या झालरीतली बारीक पट्टी उभी चिरून वापरता येते. मी सहापैकी चार फ्लाय याच सामानाच्या बांधल्या आणि महागड्या तंतूंच्या दोघींपेक्षा त्या कुठेही कमी पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पलीकडच्या टोकाला गेलो. मोहफुले पडण्याचे दिवस होते आणि बाया टोपल्या घेऊन झाडांखाली आलेल्या होत्या. इथे एक कळकळीची सूचना आहे. हा नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा शेजार आहे, मोहासाठी अस्वलेही पहाटेच येतात, तेव्हा उजाडण्यापूर्वी पाळीवर एकट्याने कधीही जाऊ नये आणि गावातला माणूस सोबत असल्याशिवाय झाडीतली पायवाट धरू नये.

पाणी आरशासारखे होते. मामांनी वल्हे आडवे ठेवले आणि बोट दाखवून हळूच म्हणाले, “तेथी पाहा, श्वास घ्याले आली.” कमळाच्या पानांच्या कडेला एक गोल लाट उमटली आणि तिच्या मध्यातून दोन बुडबुडे आले. माझी सवय लाटेवरच फेकण्याची होती. त्यांनी हात धरून थांबवले. श्वास घेतलेली मरळ जागेवर राहत नाही, कुठल्या दिशेने पाने हलतात ते पाहून तिच्या पुढे दोन हातांवर फ्लाय टाकायची असते. तशी टाकली, पाण्यावर पडल्यावर तीन अंकांपर्यंत थांबलो, मग दोरी टिचभर ओढली आणि पुन्हा थांबलो. त्या दुसऱ्या थांब्यात फ्लाय किंचित तिरकी होऊन खाली बसत होती, तिचे तंतू एकदा उघडून मिटले, आणि पाण्याखालून एक तपकिरी सावली सरळ तिच्यावर आली.

यावेळी मी काठी उचलली नाही. पाईकवर शिकलेली ही एक गोष्ट मरळीला पूर्णपणे लागू पडते: काठी पाण्याकडे रोखलेलीच ठेवावी आणि डाव्या हाताने दोरी सरळ, लांब आणि जोरात ओढावी. काठी उचलली की तिच्या लवचिकतेत सगळा जोर मुरतो आणि टणक जबड्यात गळ शिरत नाही. गळ लागल्यावर मात्र क्षणभरही ढील देऊ नये, नाहीतर ती देठांत शिरून दोरीला वेढे घालते. ही मरळ पावणेदोन किलोची भरली. ठरल्याप्रमाणे ती संस्थेकडे गेली. त्या सकाळी आणखी दोन मिळाल्या, दोन्ही किलोच्या आतल्या, म्हणून सोडल्या.

मरळ हवेत श्वास घेते म्हणून तिला जमिनीवर टाकून फोटो काढत बसावे असे नाही. पाळीचे दगड आठ वाजताच तापलेले असतात आणि तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यावर सोलून निघतो. आम्ही डोंग्यात भिजवलेले पोते अंथरले होते, लांब चोचीची पकड हाताशी होती, आणि दाबलेल्या काट्यामुळे गळ एका हिसक्यात निघत होता. सोडताना तिला पाण्याखाली दाबून धरू नये. दमलेल्या मरळीला सर्वांत आधी वर येऊन श्वास हवा असतो.

साधनांविषयी थोडक्यात: आठ नंबरची (हा नंबर दोरीच्या वजनाचा असतो) नऊ फुटी काठी, तरंगणारी दोरी आणि पुढे पाच-सहा फुटांचे जाड नायलॉन. यापेक्षा लांब नायलॉन घेतले तर फ्लाय पानांच्या फटीत नेमकी पडत नाही. पाळीवर मागे झाडे असल्याने डोंगा मिळाल्यास तोच घ्यावा. दहानंतर ऊन चढते आणि मरळ पानांच्या सावलीत स्वस्थ बसते. आम्ही दुपारी प्रयत्न करून पाहिला आणि काही मिळाले नाही.

दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. कापलेले तंतू आणि तुटलेली दोरी पाण्यात वा पाळीवर टाकू नये. हे प्लॅस्टिक आहे, कुजत नाही, आणि याच पाण्यावर उन्हाळी धान आणि गावाची जनावरे असतात. मी बांधताना मांडीवर पांढरा पंचा पसरतो आणि उठताना तो तसाच गुंडाळून घरी आणतो. दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्ले घोळक्याने पाण्याच्या वर येतात आणि आईबाप त्यांच्या खाली राखण करत फिरतात. त्या घोळक्यावर फ्लाय टाकली तर मरळ हमखास चावते, पण ती भुकेने नव्हे, पिल्ले वाचवण्यासाठी. आणि ती उचलली की पिल्ले मोकळी पडून इतर माशांच्या तोंडी जातात. जून ते ऑगस्ट आम्ही काठी बाहेर काढत नाही.

निघताना मामांनी काळ्या ठिपक्याच्या दोन फ्लाय मागून घेतल्या आणि त्यांतल्या एकीचे आणखी थोडे केस बोटांनी उपटून काढले. “आता बराबर झाली,” म्हणाले. दिवाळीनंतर तलाव भरलेला असताना आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि त्या वेळच्या फ्लाय त्याच मापाने, पण जरा लहान १/० गळावर बांधायला घेतल्या आहेत.